हस्कीचा पट्टा

इंग्लंडमधील शेफील्ड शहर पश्चिमेला जिथे संपते तिथूनच पीक डिस्ट्रिक्टचे ओसाड माळ सुरू होतात. त्यांपैकी हाउंडकर्क मूरवरून जाणाऱ्या जुन्या दगडी वाटेवर आठवड्यातून तीन-चार सकाळी मी आमच्या वाघ्याला घेऊन धावते. वाघ्या हा चोवीस किलोचा सायबेरियन हस्की आहे. नाव सासूबाईंनी जेजुरीच्या खंडोबाला स्मरून ठेवले. इथले शेजारी त्याला ‘वॅगी’ म्हणतात आणि तोही तक्रार करत नाही. ज्यांचे लॅब्राडोर किंवा स्पॅनियल पुढे मोकळे बागडत असतात, अशी माणसे या वाटेवर मला हटकून विचारतात, की धावण्याची इतकी हौस असलेल्या प्राण्याला तुम्ही सतत बांधून का ठेवता. विचारण्यात किंचित कीव असते आणि ती वाघ्यासाठी असते.

पहिल्या वर्षी मलाही त्याची कीव येत असे. म्हणूनच दुसऱ्या हिवाळ्यात, रात्रभर बर्फ पडून गेल्यावर, माळावर एकही मेंढी दिसत नाही असे पाहून मी त्याचा पट्टा सोडला. घरात, परसात आणि आमच्या शांत गल्लीत ‘ये’ म्हटल्याबरोबर येणारा कुत्रा इथेही येईल, असे मी धरून चालले होते. पहिली पाच मिनिटे त्याने माझ्याभोवती मोठमोठी रिंगणे घेतली, दोनदा हाकेसरशी परत येऊन खाऊही घेतला. तिसऱ्या वेळी उताराखाली लाल हरणांचा कळप हलला, आणि वाघ्याने मागे वळून पाहिलेसुद्धा नाही. अडीच तासांनी, सात किलोमीटरवरच्या एका वाहनतळावरून, त्याच्या गळपट्ट्यावरच्या बिल्ल्याचा क्रमांक वाचून एका अनोळखी गृहस्थांनी फोन केला. मधे रहदारीचे दोन रस्ते होते. मी पोहोचले तेव्हा तो त्यांच्या गाडीत मागच्या आसनावर प्रसन्न चेहऱ्याने बसला होता. अपराधी काय ती मी दिसत होते.

त्यानंतर मी शिकवण्याच्या पद्धती बदलून पाहिल्या, शिट्टी आणली, दहा मीटरची लांब दोरी आणली, आणि त्याची सुधारणाही झाली. तरीही शंभरातल्या नव्व्याण्णव हाकांना येणारा हस्की हा माझ्या लेखी न येणाराच हस्की आहे, कारण उरलेली एक हाक नेमकी हरीण, ससा किंवा मेंढी समोर असताना मारलेली असते.

याच माळाच्या पायथ्याशी लाँगशॉ येथे १८९८ पासून मेंढपाळ कुत्र्यांच्या स्पर्धा भरत आल्या आहेत. तिथे बॉर्डर कॉली शेकडो मीटर दूर असतानाही धन्याच्या एका शिट्टीवर जागच्या जागी बसतो. आपल्याकडे कळपाबरोबर चालणाऱ्या धनगराच्या कुत्र्यालाही कोणी दोरी लावत नाही. कळप आणि धनी सोडून जायचे नाही, हे त्याच्या कामातच आहे. हस्कीचे काम याच्या नेमके उलटे. सायबेरियाच्या पूर्व टोकावरच्या चुकची लोकांनी ही कुत्री हलके ओझे घेऊन लांबचा पल्ला ओढण्यासाठी वाढवली. माणसापासून पुढे, दूर, ताणून पळत राहणे हाच तिथे गुण होता. शिवाय स्लेजच्या, म्हणजे बर्फावरून घसरणाऱ्या गाडीच्या, अग्रभागी चालणाऱ्या कुत्र्याने प्रसंगी हुकूम मोडावा, अशीही अपेक्षा असते: पायाखालचा बर्फ पातळ आहे हे त्याला हाकणाऱ्याच्या आधी कळते, आणि अशा वेळी ‘पुढे चल’ ऐकणारा कुत्रा सगळ्यांना घेऊन बुडतो. स्वतःच्या बुद्धीने चालण्याची ही सवय माळावर ‘ये’ या शब्दापुरती बाजूला ठेव, असे त्याला सांगणे मला आता थोडे हास्यास्पदच वाटते.

या बाबतीत मला टोगो या हस्कीची गोष्ट नेहमी आठवते. अलास्कातील नोम गावी डिप्थेरियाची साथ आली तेव्हा, १९२५ च्या जानेवारीअखेरीस, नेनाना ते नोम हे सुमारे १,०८५ किलोमीटरचे अंतर वीस स्लेजचालकांनी टप्प्याटप्प्याने कापून साडेपाच दिवसांत औषध पोहोचवले. शेवटचा टप्पा धावलेल्या बाल्टो या कुत्र्याचा पुतळा न्यूयॉर्कमध्ये उभा राहिला, पण सर्वांत लांब आणि धोक्याचा टप्पा लिओनहार्ड सेप्पाला या स्लेजचालकाच्या टोगोने काढला होता. हाच टोगो लहानपणी इतका उपद्रवी होता, की सेप्पालाने तो देऊन टाकला, तर पठ्ठ्या खिडकीची काच फोडून परत आला. मोकळा असताना तो जुंपलेल्या कुत्र्यांच्या मधे घुसून त्यांना सतावत असे. त्याला आवर घालायचा म्हणून सेप्पालाने अखेर त्याच्या अंगावर हार्नेस, म्हणजे ओढण्याचा साज, चढवला, आणि त्याच दिवशी तो शहाण्यासारखा ओढू लागला. ज्या दोरीला आपण बंधन समजतो ती दोरी ताणली गेल्यावरच या कुत्र्याला आपण काय करायचे ते उमगते.

वाघ्याच्या बाबतीत मी हे रोज पाहते. गळपट्ट्याला लावलेल्या पट्ट्यावर तो हळू चालतो, हुंगतो, रेंगाळतो. पाठीवर फुलीच्या आकाराच्या पट्ट्या असलेला ओढण्याचा हार्नेस बाहेर काढला, की तोच कुत्रा कान टवकारून दारात थरथरत उभा राहतो. माझ्या कमरेला रुंद पट्टा असतो आणि दोघांच्या मधे ताणली जाणारी लवचीक दोरी, त्यामुळे त्याच्या झटक्याने माझी कंबर मोडत नाही. उजवीकडे वळायला ‘जी’, डावीकडे ‘हॉ’, आणि ससा दिसला तरी पुढे चालत राहा यासाठी ‘ऑन बाय’. (मी कुत्र्याशी ‘जी’ म्हणून इतक्या अदबीने का बोलते, हे सासूबाईंना अजून पटलेले नाही.) गळपट्ट्याला दोरी बांधून मात्र कधीही ओढू देऊ नये, कारण सगळा ताण श्वासनलिकेवर येतो. हाताला दोरीचे वेढे घेऊन चालणेही तितकेच वाईट. बोटे त्यात सापडतात. मुठीतल्या चाकावर आपोआप गुंडाळली जाणारी दोरी हस्कीला लावणाऱ्यांना मी हात जोडते.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगायची तर, इंग्लंडमधील अशा खुल्या माळांवर १ मार्च ते ३१ जुलै या काळात जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांसाठी कुत्रा दोन मीटरपेक्षा लांब नसलेल्या पट्ट्यावर ठेवणे बंधनकारक आहे, आणि गुरे-मेंढ्या जवळ असतील तर बाराही महिने. १९५३ च्या कायद्यानुसार मेंढ्या असलेल्या कुंपणात कुत्रा पट्ट्याविना आणि ताब्याबाहेर असणे एवढेही गुन्ह्याला पुरते. त्याने चावलेच पाहिजे असे नाही. हे मला न्याय्य वाटते, कारण हिवाळ्याच्या शेवटी नुसत्या पाठलागानेही गाभण मेंढ्या गाभडतात. कळपाला त्रास देणाऱ्या कुत्र्यावर शेतकऱ्याने गोळी झाडली, तर ठरावीक परिस्थितीत कायदा त्याच्या बाजूने उभा राहतो.

मोकळे सोडण्याच्या बाजूने बोलणाऱ्यांचा एक मुद्दा मात्र मी खोडू शकत नाही. दोरीला बांधलेला कुत्रा माणसाच्या गतीपलीकडे जाऊ शकत नाही. पाठ कमानीसारखी वाकवून आणि ताणून पूर्ण वेगाने उधळण्याचे जे सुख आहे, ते माझ्यासारख्या मध्यमवयीन बाईच्या कमरेला बांधून मिळणे शक्य नाही. त्यासाठी आम्ही दर रविवारी तासाला बारा पौंड देऊन, सहा फूट उंच कुंपणाचे एक शेत भाड्याने घेतो. आधी मी कुंपणाच्या कडेने पूर्ण फेरी मारते, कारण हस्की वरून जाण्यापेक्षा खालून उकरून जाणे पसंत करतो.

पुण्यातल्या दोन मैत्रिणींकडेही हस्की आहेत. हस्कीला मोकळे सोडावे का, असे त्या मला विचारतात तेव्हा मी आधी उन्हाचे विचारते. तिथे पहाटे साडेपाचलाच जे काय धावायचे ते, आणि तेही थोडे. मोकळा सुटलेला हस्की तापला म्हणून आपण होऊन थांबेल, यावर मी तरी विसंबणार नाही, आणि गल्लीतल्या भटक्या कुत्र्यांशी त्याचे जमेल याचाही भरवसा नाही.

गेल्या रविवारी शेताच्या ईशान्य कोपऱ्यात वीतभर खोल खड्डा सापडला. कोणी खणला ते विचारण्यात अर्थ नव्हता. नाक मातीने माखलेले होते. मी त्यात दोन मोठे दगड बसवले, फाटकाची कडी पुन्हा एकदा ओढून पाहिली आणि मग पट्टा सोडला.