माउस आपोआप हलतो म्हणे

लातूरच्या आडत लाइनवरच्या एका दुकानाची कॉम्प्युटरची एएमसी, म्हणजे वर्षभराच्या देखभालीचं कंत्राट, माझ्याकडं आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिथून फोन आला की तो प्रिंटरचाच असतो. सोयाबीनची पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशोबाचा कागद, हातात पडल्याशिवाय शेतकरी काउंटर सोडत नाही, आणि सोडूही नये. त्या दिवशी मात्र दुकानाचे मालक अप्पांनी स्वतः फोन केला. "ये बरं जरा. पोरगी म्हणायलीय, माउस आपोआप हलला अन् नोंदी उडाल्या. मशीनमध्ये काय असंल तर बघ. नसंल तर मग मला दुसरं बघावं लागतंय."

दुसरं म्हणजे तिच्या पगारातून कापणं. आदल्या संध्याकाळी, १९ तारखेला, गल्ला २२ हजारांनी कमी भरला होता. टॅलीत, म्हणजे हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, उचलीच्या दोन नोंदी नव्हत्या. शेतकऱ्याला उचल दिल्याची नोंदच गायब झाली की पुस्तकात रोकड जास्त दिसते, गल्ल्यात तेवढी तूट येते, आणि तूट काउंटरवर बसणाऱ्याच्या नावावर पडते. औशाकडून रोज एसटीनं येणारी ही बीकॉम झालेली मुलगी ठाम होती: नोंदी मी केल्या, आणि माझ्या डोळ्यांदेखत त्या कुणीतरी पुसल्या. मुनीमजी हसत होते. "भूत शिरलंय सिस्टममध्ये."

मला हसू आलं नाही, कारण दुसऱ्याचा माउस लांबून हलवणं हाच माझा धंदा आहे. निलंग्याच्या खताच्या दुकानातला प्रिंटर, रेणापूरच्या पतसंस्थेचं पासबुक छापणं, बहुतेक सगळं माझ्या टेबलावरून चालतं. लोकांना हे बसल्या जागी पैसे वाटतात. निम्मा वेळ "आता यस-नो आलं असेल, यस दाबा" हे सांगण्यात जातो. परवानगी मागणारी विंडोजची ती खिडकी वेगळ्या, सुरक्षित पडद्यावर उघडते. रिमोटचा प्रोग्राम रीतसर इन्स्टॉल न करता नुसता चालवला असेल तर मला इकडं फक्त थिजलेलं चित्र दिसतं. पलीकडचा शपथेवर सांगतो की काहीच आलं नाही. आलेलं असतं.

काउंटरवरचं मशीन उघडलं तर आत लांबून मशीन चालवायच्या प्रोग्रामांची धर्मशाळा होती. टीमव्ह्यूअर, एनीडेस्क, अल्ट्राव्ह्यूअर, अल्ट्राव्हीएनसी, आणि वर विंडोजचं स्वतःचं रिमोट डेस्कटॉपही चालू. टॅलीवाल्यानं एक टाकलं, जीएसटीचं काम बघणाऱ्या सल्लागारानं दुसरं, वजनकाट्याची जोडणी करणाऱ्यानं तिसरं. टाकलं सगळ्यांनी, काढलं कुणीच नाही. सीसीटीव्हीवाल्यानं तर कॅमेऱ्यासाठी राउटरवर पोर्ट उघडताना ३३८९ हाही उघडून ठेवला होता. म्हणजे रिमोट डेस्कटॉप थेट इंटरनेटवर. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, चुकलेल्या लॉगिनच्या, ४६२५ क्रमांकाच्या, हजारो नोंदी होत्या. जगातले कुठले कुठले बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्राम, 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' नावानं पासवर्ड घासत बसलेले. विंडोजचा सिक्युरिटी लॉग मुळात २० एमबीचा असतो; तो भरला की जुनं पुसून नवं लिहितो. त्यामुळं आदल्या संध्याकाळचं काहीच उरलं नव्हतं. दार उघडं ठेवणाऱ्यानं वहीसुद्धा घालवली.

हा सीसीटीव्हीवाला सकाळी माझ्याआधी येऊन निकालही देऊन गेला होता: "एनीडेस्क आहे ना, मग फ्रॉडच." एनीडेस्कचं नाव बदनाम आहे हे खरं. २०१९च्या फेब्रुवारीत रिझर्व्ह बँकेनं त्याचं नाव घेऊन बँकांना सावध केलं होतं, कारण भामटे लोकांना ते अ‍ॅप मोबाइलवर टाकायला लावून खाती रिकामी करत होते. २०२४च्या फेब्रुवारीत कंपनीनं स्वतःच सांगितलं की आपल्या यंत्रणेत घुसखोरी झाली, आणि प्रोग्राम आपलाच आहे अशी सही करायची डिजिटल सर्टिफिकेटं बदलली. पण बदनामी म्हणजे पुरावा नाही. सीसीटीव्हीवाल्यानं एनीडेस्कची ट्रेस फाइल, म्हणजे जोडण्यांची नोंद, उघडली होती आणि १९ तारखेला १८:३० नंतर सल्लागाराच्या आयडीवरून जोडणी दिसते म्हणून त्या सल्लागाराला चोर ठरवून मोकळा झाला. त्या फाइलीतली वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, असते. साडेपाच तास मिळवा. ती जोडणी मध्यरात्रीनंतरची होती, जीएसटीआर-३बी हे जीएसटीचं महिन्याचं विवरणपत्र भरायच्या २० तारखेच्या आदल्या रात्रीची, आणि त्या रात्री असा कुठलाही सल्लागार जागाच असतो. अप्पांनी मशीन चालू ठेवायला सांगितलं होतं, हे मुनीमजींना माहीत होतं. कुणी विचारलं नाही म्हणून ते बोलले नव्हते.

मग मी मुलीकडं वळलो. मशीनपेक्षा तिनं जास्त सांगितलं.

"ताई, माउस हलला तेव्हा स्क्रीन लॉक झाला का? पासवर्ड मागणारा निळा पडदा?"

"नाही सर. टॅली समोरच होतं. माझ्या हातात चहाचा कप होता."

इथंच रिमोट डेस्कटॉप निकालात निघालं. साध्या विंडोज प्रोवर त्यानं कुणी आत आलं की समोर बसलेल्याचा पडदा लॉक होतो. एका वेळी एकच जण. हीच त्याची अडचण आणि हाच त्याचा प्रामाणिकपणा. सर्व्हरची गोष्ट वेगळी. म्हणजे बाहेरचे सगळे बॉट घासून घासून थकले तरी तिला दिसलेलं दृश्य त्यांच्या हातून घडणार नव्हतं.

"कोपऱ्यात एखादी छोटी खिडकी आली? अमुक जोडला गेला, असं?"

"नाही. सल्लागार साहेब येतात तेव्हा येते. ती मला माहिताय."

एनीडेस्क, टीमव्ह्यूअर, अल्ट्राव्ह्यूअर, तिघंही आपल्या परीनं आल्याची वर्दी देतात. टीमव्ह्यूअरची येणाऱ्यांची यादी प्रोग्रामच्या फोल्डरमध्ये साध्या मजकुराच्या फाइलीत असते, कोणता आयडी, कधी आला, कधी गेला. तिच्यात शेवटची ओळ फार जुनी होती. मोफत टीमव्ह्यूअर घरगुती वापरासाठी आहे. दुकानातला वापर ओळखला की ते सेशन तोडतं, म्हणून लोक दुसरीकडं गेले आणि हे तसंच राहिलं.

तिसरा प्रश्न मी सहज विचारला. "डिलीट कसं केलं त्यानं?"

"माउस खाली नेऊन डीवर क्लिक केलं. मग यसवर."

मुनीमजींचं हसणं तिथं थांबलं. टॅली येणारा माणूस माउसला हात लावत नाही. डेबुक उघडायचं, व्हाउचरवर एंटर, आल्ट-डी, एंटर. टॅलीवाला, सल्लागार, स्वतः मुनीमजी, सगळ्यांची बोटं तशीच चालतात. खालच्या पट्टीवरचं डिलीट माउसनं शोधत जाणारा माणूस टॅली रोज वापरत नाही.

राहिलं अल्ट्राव्हीएनसी. व्हीएनसी हे १९९०च्या दशकात केंब्रिजच्या ऑलिव्हेट्टी प्रयोगशाळेतून निघालेलं तंत्र. पडद्यावरचं चित्र पाठवायचं, पलीकडचा माउस आणि कळा घ्यायच्या, बस. पासवर्डची पहिली आठच अक्षरं मोजतं. आपल्याच नेटवर्कमध्ये असाल तर इंटरनेट लागत नाही, आयडी लागत नाही, पैसे लागत नाहीत. कुणी जोडलं गेलं तर घड्याळाशेजारच्या त्याच्या चिन्हाचा रंग बदलतो, एवढीच खूण. आणि ते चिन्ह लपवायचीही सेटिंग आहे. इथं लपवलेलं होतं.

कुणी बसवलं, कुणालाच आठवत नव्हतं. पण त्याच्या फोल्डरमध्ये एमएसलॉगऑन नावाची एक लॉग फाइल असते आणि लपवणाऱ्याला ती सहसा माहीत नसते. तिच्यात ओळ होती: १९ तारीख, संध्याकाळी पावणेसातच्या सुमारास जोडणी आली, १९२.१६८ नं सुरू होणाऱ्या पत्त्यावरून. बाहेरून नाही, दुकानातूनच. काही मिनिटांनी तोडली. राउटरच्या यादीत तो पत्ता वरच्या केबिनमधल्या लॅपटॉपला दिलेला. केबिनमध्ये भैया बसतात, अप्पांचे चिरंजीव.

रिमोट सॉफ्टवेअर कुठलं चांगलं, हे मला गिऱ्हाईकं कायम विचारतात. त्यांची तुलना दोनच गोष्टींवर चालते: लटकतं का, आणि फुकट आहे का. वेगात एनीडेस्कला तोड नाही हे मीही सांगायचो. मोबाइलच्या हॉटस्पॉटवरसुद्धा ते चालतं. पण खुर्चीत बसलेल्या माणसाला आत कोण आलंय ते दिसतं का, आणि तो गेल्यावर कुठं काही लिहिलेलं राहतं का, हे आजवर एकाही मालकानं मला विचारलेलं नाही. विचारणार कसे, खुर्चीत ते बसतच नाहीत.

अप्पांना मी ओळ दाखवली. त्यांनी चष्मा लावून ती वाचली, पत्ता म्हणजे काय ते विचारलं, मी केबिनकडं बोट केलं. लॅपटॉप आला म्हणजे माणूस आला असं होत नाही, हेही सांगितलं. तो दिवसभर उघडाच असतो आणि वर चहा न्यायला चारजण जातात. लॅपटॉप उघडून बघ असं मला कुणी म्हणालं नाही. अप्पा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तिला सांग, अपडेटमुळं झालंय. पैसे कापत नाही मी."

मुलगी दोन हातांच्या अंतरावर उभी होती. तिनं ऐकलंच असणार. म्हणाली, "सर, त्या ओळीची प्रिंट मिळंल का?"

लॉग दुकानाचा, मशीन दुकानाचं, मला पैसे देणार दुकान. मी अप्पांकडं बघितलं. अप्पांनी मान हलवली, हो का नाही ते नीट कळलं नाही. मी प्रिंट काढली. तिनं ती घेऊन पर्समध्ये ठेवली आणि पट्ट्या करायला बसली, कारण काउंटरपुढं रांग होती.

बाकीचं काम दुपारपर्यंत चाललं. पाचही वाटा बंद केल्या, ३३८९ राउटरवरून काढला. टॅलीत एडिट लॉग, म्हणजे कुणी काय बदललं-पुसलं याची नोंद, चालू केला, जो पहिल्या दिवसापासून चालू असायला हवा होता. प्रत्येकाला वेगळा युजर दिला. माझ्या कामासाठी रस्टडेस्क हा रिमोटचा प्रोग्राम टाकला, सर्व्हर माझा स्वतःचा, त्यामुळं मध्ये तिसऱ्याचं मशीन नाही. त्यातही खोट आहेच: कोण कधी आलं याची यादी दाखवणारा पॅनल प्रो सर्व्हरला असतो, मोफतला नाही, म्हणून ती मी वहीत लिहितो. सल्लागाराला विंडोजचंच क्विक असिस्ट वापरायला सांगितलं. दर वेळी नवा कोड, आणि समोर कुणी परवानगी दिल्याशिवाय जोडलं जात नाही. मध्यरात्री काम होणार नाही म्हणून त्यांनी कुरकुर केली. बिलावर मी 'अपडेट' लिहिलं नाही. 'रिमोट प्रोग्राम काढले, अल्ट्राव्हीएनसी धरून' असं लिहिलं.

दिवाळीनंतर भैयांचा फोन आला. आवाज एकदम मोकळा. "केबिनमधून काउंटरचा स्क्रीन दिसंल असं काहीतरी टाकून द्या की. सीझन आहे, लक्ष ठेवावं लागतंय."

मी म्हणलं, देतो. नुसतं बघायचं, माउसला हात लागणार नाही असं. आणि तुम्ही बघताय हे काउंटरच्या पडद्यावर दिसंल.

"ते दिसायचं बंद होत नाही का?"

होतं, हे त्यांनाही माहीत असावं. अप्पांशी बोलून सांगतो, म्हणलं. अप्पांशी अजून बोलणं झालेलं नाही. एएमसी मार्चमध्ये रिन्यू होते.