तुम्ही विचारलंत म्हणून: सोलापुरात समुद्र कुठला?

"पेंटर, सोलापुरात समुद्र कुठला? आणि हे प्राणी कुठल्या गावचे?" चहाच्या गाड्यावर हेच, सिद्धेश्वर तलावाच्या काठावर हेच, भाचीच्या लग्नात पंगतीतसुद्धा हेच. मी समुद्रातले प्राणी रंगवतो, निम्मा जीव, निम्मं यंत्र, म्हणून हे प्रश्न. आता एकदाच सांगतो.

समुद्र म्हटलं की तुम्ही मुंबईकडं बघता. आपलं पाणी उलटं जातं. नाल्यातनं सीना, सीनेतनं भीमा, भीमेतनं कृष्णा आणि तिथनं पार आंध्रात हंसलदीवीला बंगालचा उपसागर. वाटेत श्रीशैलमचं धरण आहे, नागार्जुनसागरचं आहे, सगळंच काही पोचत नाही. पण उतार तिकडचाच. त्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, एका घरट्यात शंभराच्या आसपास. कासवाला श्वासासाठी वर यावं लागतं. जाळ्यात अडकलं की ते बुडून मरतं. कासव बुडतं, हे मला पस्तिशीपर्यंत माहीत नव्हतं.

आणि प्राण्यांचं म्हणाल, तर देवळातल्या मकराला सोंड हत्तीची, जबडा मगरीचा, शेपूट माशाचं. त्याला नाही विचारत कुठल्या गावचा? माझ्या कासवाच्या तोंडाजागी धोटा, म्हणजे मागावर आडवा धागा नेणारी ती नळी, दिसला की तेवढं खुपतं.

बरं, खरं सांगतो. प्राणी आधी आले, समुद्र मागनं. फ्लेक्स आले, बोर्ड रंगवायची कामं गेली, झोप उडाली. रात्री टाक काळ्या शाईत बुडवून रेघा मारत बसायचो, त्यातनं हे निघाले. पुढं प्रदर्शनाला कुणीतरी 'विषय' मागितला. समुद्र म्हणून ठोकून दिलं. वाचायला लागलो ते त्यानंतर.

मग ती शाळा. मोठं चित्र नेलं होतं: अर्धं कासव, अर्धा यंत्रमाग, पोटातनं नायलॉनचं जाळं विणून निघतंय आणि त्यात त्याचीच मान. तीन आठवडे नुसत्या रेघा. मी भाषण ठोकलं. सातवीतला एक मुलगा उभा राहिला.

"सर, हा प्राणी खरा आहे?"

"नाही."

"मग मेला तर काय झालं?"

वर्ग हसला. बाईंनी डोळे वटारून त्याला खाली बसवलं. मीही हसलो, आणि तेच आजवर सलतंय, कारण तो हसत नव्हता. त्याला खरंच उत्तर हवं होतं. रिक्षात चित्र मांडीवर उभं धरून घरी आलो, भिंतीकडं तोंड करून ठेवलं. बायकोनं विचारलं, कसं झालं? म्हटलं, छान.

नंतर आठ महिने खरी कासवं काढली, पाठीवरच्या ढाली मोजून. लोक "मस्त" म्हणायचे आणि पुढं सरकायचे. धोट्याच्या तोंडाचं परत काढलं तेव्हा थांबले. म्हणजे मी बरोबर होतो? थांबले, पण कासवासाठी की माझ्या करामतीसाठी? तेव्हाचा मी म्हणायचा, पोरगं खवचट होतं. आज वाटतं, अख्ख्या वर्गात मुद्द्याचं तोच बोलला. तरी काढतोय हेच. दुसरं जमत नाही, असंही असेल.

आणि कुणीतरी विचारायच्या आधी मीच सांगतो: घर आता फ्लेक्सच्या डिझाइनवर चालतं. वाढदिवसाचे, निवडीचे, श्रद्धांजलीचे. परवाच्या पावसानंतर नाल्यात एक अडकलेला दिसला. 'हार्दिक' एवढंच वर होतं, अक्षरं मीच निवडलेली. काठी शोधली, मिळाली नाही. खाली उतरलो नाही.