गणिताच्या पुस्तकातून इंग्रजी: पीटर्सबर्गच्या होस्टेलमधला माझा अनुभव

रशियात पीएचडीला आस्पिरांतुरा म्हणतात. प्रबंध सादर करायचा तर त्याआधी तीन परीक्षा पार कराव्या लागतात: आपला विषय, विज्ञानाचा इतिहास व तत्त्वज्ञान, आणि एक परकी भाषा. मी परदेशी, म्हणून माझी परकी भाषा रशियनच होती. ती मी कशीबशी उरकली. माझ्या रूममेटला मात्र इंग्रजी होतं. मुलगी टोपॉलॉजीत, म्हणजे आकारांच्या गणितात, भलतीच हुशार, पण शाळेत जर्मन शिकलेली. भारतीयांना इंग्रजी जन्मतःच येतं अशी होस्टेलमध्ये सगळ्यांची समजूत, त्यामुळे तिची तयारी करून घ्यायचं काम न विचारताच माझ्या गळ्यात पडलं. मी बार्शीची, दहावीपर्यंत मराठी माध्यम. माझं स्वतःचं इंग्रजी अकरावी सायन्सला गणिताच्या पुस्तकांशी झटापट करताना आलेलं. दुसरी पद्धत मला ठाऊकच नव्हती.

परीक्षा अशी असते: आपल्या विषयातला 2,500 ते 3,000 अक्षरांचा मूळ इंग्रजी मजकूर, शब्दकोश जवळ ठेवून 45 ते 60 मिनिटांत लेखी भाषांतर. मग एक छोटा उतारा दोन-तीन मिनिटं नजरेखालून घालून त्याचं सार सांगायचं. शेवटी आपल्या संशोधनावर परीक्षकांशी इंग्रजीत बोलायचं. परीक्षेला बसू देण्याआधी 15,000 अक्षरांचं भाषांतर करून द्यायचं ते वेगळंच.

तिच्याकडे एक सर्वसाधारण इंग्रजीचं पुस्तक होतं, लंडनची हवा आणि विमानतळावरचे संवाद असलेलं. ते आम्ही कपाटात टाकलं. त्याऐवजी रेषीय बीजगणिताचं इंग्रजी पुस्तक घेतलं, जे ती रशियनमध्ये कधीच पचवून बसली होती. अर्थ आधीच माहीत असल्यामुळे सगळं लक्ष वाक्यावर देता येतं.

सगळ्यात जास्त वेळ गेला ‘अ’ आणि ‘द’ यांच्यावर. रशियनमध्ये आर्टिकल नाही, मराठीतही नाही, म्हणजे आम्ही दोघी सारख्याच अनाथ. शाळेत मला शिकवलेला नियम होता तो ‘पहिल्यांदा उल्लेख आला की अ, दुसऱ्यांदा द’. गणितात तो अर्धाच चालतो. पुस्तकात ‘अ बेसिस (पाया) ऑफ द स्पेस’ असतं, पण लगेच ‘द डायमेन्शन (मिती) ऑफ द स्पेस’. डायमेन्शनचा उल्लेख तर पहिल्यांदाच होतोय! कारण सरळ आहे. बेसिस अनेक निवडता येतात, डायमेन्शन मात्र एकच निघतं, आणि ते एकच असतं हे सिद्ध केलेलं आहे. तसंच ‘द लिमिट ऑफ द सीक्वेन्स’, पण ‘अ लिमिट पॉइंट’: लिमिट असली तर एकच, लिमिट पॉइंट मात्र अनेक असू शकतात. हे कळल्यावर रूममेटचा चेहरा खुलला. मग प्रत्येक नामापाशी ती थांबायची आणि विचारायची, ‘‘एकमेवता सिद्ध झाली आहे का?’’ झाली असेल तर ‘द’, नसेल तर ‘अ’. व्याकरणाच्या कुठल्याही बाईंनी मला हे असं सांगितलं नव्हतं.

याला अपवाद आहेत, ते पाठच करावे लागले. ‘लेमा 3’ला (लेमा म्हणजे साहाय्यक प्रमेय) आर्टिकल लागत नाही. फ्रेंच गणिती कोशीच्या ‘कोशीज थिअरम’लाही नाही, पण ‘द कोशी थिअरम’ला लागतं; ‘द’ आणि शेवटचा ‘ज’ एकत्र कधीच नाही. रशियन मुलं हमखास ‘द कोशीज’ लिहितात. आपण ज्याला कोशी-श्वार्ट्झ असमानता म्हणतो, ती तिथे कोशी-बुन्याकोव्स्की असते. रशियन गणिती बुन्याकोव्स्कींनी ती 1859 मध्ये याच शहरात छापली, श्वार्ट्झच्या बऱ्याच आधी. परीक्षा इंग्रजीची असली तरी हे नाव गाळायला ती शेवटपर्यंत तयार झाली नाही, आणि मला ते पटलं.

‘इज’ तिच्या तोंडी बसायला वेळ लागला, कारण रशियनमध्ये वर्तमानकाळात ‘आहे’ म्हणतच नाहीत. लिहिताना नुसती आडवी रेघ देतात. आपल्याकडे ‘क्ष ही सम संख्या आहे’ म्हटल्याशिवाय वाक्य पुरं होत नाही, त्यामुळे हा त्रास मला कधी झाला नव्हता. ‘इफ’नंतर मात्र ती हटकून ‘विल’ घालायची. त्यावर उपाय म्हणून आम्ही पन्नासेक प्रमेयांची फक्त पहिली वाक्यं वाचली. एकातही ‘इफ’नंतर ‘विल’ नव्हतं. मग ते आपोआप गळालं.

शब्दांसाठी सुटे शब्द नाही, पूर्ण वाक्यं वहीत उतरवली, म्हणजे कशापुढे काय लागतं ते कळावं: डिव्हाइड बाय, कन्व्हर्ज टू, डिपेंड ऑन, इंटिग्रेट ओव्हर. रशियन ‘स्त्येपेन’ हा शब्द फसवा निघाला, कारण त्यात पॉवर आणि डिग्री दोन्ही येतात. माझ्या शालेय मराठीत एकाला घात, दुसऱ्याला कोटी. बार्शीचं माध्यम असं अचानक उपयोगी पडलं. आपल्या सँडविच थिअरमला रशियन विद्यार्थी ‘दोन पोलिसांचं प्रमेय’ म्हणतात: दोन्ही बाजूंनी पोलीस ठाण्याकडे चाललेत, तर मधल्यालाही तिथेच जावं लागणार. तिने ते तसंच इंग्रजीत उतरवलं होतं. मला आवडलं, पण परीक्षकांसाठी ‘स्क्वीझ थिअरम’ हे रूढ इंग्रजी नाव करून घेतलं.

खरी अडचण बोलण्याची होती. रशियन मुलं अक्षरं फ्रेंच धर्तीवर वाचतात: एक्सला इक्स, वायला इग्रेक, एचला आश. ‘एफ ऑफ एक्स’ म्हणजे त्यांच्याकडे ‘एफ अत इक्स’, शब्दशः एक्सपासूनचा एफ. टॅनला ते टीजी लिहितात, दशांश चिन्हाच्या जागी स्वल्पविराम देतात. उपनगरातल्या पीटरहोफहून शहरात जाणाऱ्या लोकल गाडीत आम्ही सूत्रं मोठ्याने वाचत जायचो. एका आजीबाईंनी एकदा जागा बदलली.

परीक्षेत भाषांतर वेळेत झालं. बोलताना एका परीक्षकांनी विचारलं, तुमच्या विषयाचा उपयोग काय? त्यावर ती अडखळली, पण माझ्या मते हे तिला रशियनमध्येही सांगता आलं नसतं. निकाल ‘खरशो’, म्हणजे पाचपैकी चार. आता आम्हा दोघींची तत्त्वज्ञानाची परीक्षा आहे, आणि ती शिकवायला होस्टेलमध्ये कुणीच तयार नाही.