आमची वाटचाल : आसनांकडून यमांकडे

धरमपेठेत वर्ग सुरू केला तेव्हा आमच्या पाटीवर तेच होतं जे सगळ्यांच्या पाटीवर असतं: पाठदुखी, शुगर, वजन. रामनगरच्या जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळामुळे नागपूरकरांना आसनं काही नवी नाहीत. नुसत्या सूर्यनमस्कारांची फी कोण भरणार? म्हणून हळूहळू यमांचा, म्हणजे अहिंसा, सत्य अशा वागणुकीच्या पाच व्रतांचा, अभ्यासक्रम बांधत गेलो, आणि आज वर्ग उभा आहे तो त्याच्याच जोरावर.

त्याचा कणा पतंजलींच्या योगसूत्रांतल्या साधनपादातलं (दुसऱ्या प्रकरणातलं) ३१वं सूत्र. यमांना जात, देश, काळ, प्रसंग यांची सूट नाही, हे ते बजावतं. व्यासभाष्यात, म्हणजे योगसूत्रांवरच्या जुन्या टीकेत, उदाहरण कोळ्याचं आहे: हिंसा फक्त माशांपुरती, बाकी सगळ्यांशी अहिंसा. हे ऐकून मंडळी हसतात. मग आम्ही तेच आजच्या भाषेत मांडतो: ‘आमच्या बिल्डिंगमध्ये सगळे चालतात, फक्त ईशान्येकडच्या पोट्ट्यांना खोली नको.’ हसू तिथेच थांबतं.

पुढचं काम कागदावर. ३४व्या सूत्रात हिंसा तीन प्रकारची सांगितली आहे: स्वतः केलेली, करवलेली आणि मान डोलावून मान्य केलेली (अनुमोदित). प्रत्येकीमागे लोभ, क्रोध किंवा मोह; प्रत्येकीची तीव्रता मृदू, मध्यम किंवा अतितीव्र. असे २७ रकाने होतात. आठवडाभर ते भरून आणायचे. व्हॉट्सअ‍ॅपवर कुणाच्या डोळ्यांवरून, कुणाच्या काळ्या रंगावरून विनोद आला आणि आपण अंगठा दाखवला, तर नोंद होते ‘अनुमोदित, मोह, मृदू’. तक्ता फसतो तो एकाच कारणाने: लोक शेजाऱ्याची हिंसा लिहून आणतात, स्वतःच्या ‘केलेल्या’चे रकाने कोरे. म्हणून आम्ही सुरुवातच ‘अनुमोदित’पासून करतो. तिथे कबूल करायला फारसं जड जात नाही, आणि एकदा हात मोकळा झाला की बाकीचेही भरतात.

सगळ्यात जास्त घोळ उपेक्षेचा. समाधिपादाच्या (योगसूत्रांच्या पहिल्या प्रकरणाच्या) ३३व्या सूत्रात सुखी माणसाशी मैत्री, दुःखी माणसाविषयी करुणा, पुण्यवानाविषयी मुदिता (आनंद) आणि अपुण्याविषयी उपेक्षा (तटस्थपणा) सांगितली आहे. पुष्कळ जण शेवटचा शब्द पकडून अन्यायाकडे पाठ फिरवतात आणि त्यालाच समत्व म्हणतात. पण रंगावरून अपमान होतो तिथे माणसं दोन असतात. अपमान झालेल्याच्या वाट्याला करुणा, म्हणजे त्याच्या बाजूने बोलणं, साक्ष देणं, तक्रारीला सोबत जाणं. उपेक्षा फक्त अपमान करणाऱ्याची: त्याला अडवायचं, पण त्याचा द्वेष मनात मुरवत बसायचं नाही. दीक्षाभूमीच्या या शहरात बौद्ध घरांतून आलेल्या साधकांना मैत्री ते उपेक्षा हे चार भाव ब्रह्मविहार (बौद्ध साधनेतल्या चार मनोवृत्ती) म्हणून आधीच ठाऊक असतात. चर्चेत खरी धार तेच आणतात.

करुणेचा बैठा सराव २० मिनिटांचा. पहिली ५ मिनिटं नुसता श्वास, उच्छ्वास थोडा लांब. मग ५ मिनिटं ज्याचं दुःख जवळून पाहिलंय असा माणूस, ५ मिनिटं अनोळखी, शेवटची ५ ज्याच्याविषयी मनात अढी आहे तो. क्रम उलटा केला की श्वास उथळ होतो, जबडा आवळतो आणि करुणेऐवजी भांडणाची उजळणी सुरू होते. तसं झालं तर सरळ श्वासावर परत यायचं.

व्यवहारातही बदल केले. प्रवेश अर्जात जातीचा रकाना नाही. घटनेच्या १५व्या कलमात ‘वंश’ हा शब्द आहेच, आणि वंश, जात अशा कारणांवरून दुकानात कुणालाही मज्जाव करता येत नाही. या ‘दुकाना’त सेवा देणारेही येतात, असं डॉ. आंबेडकरांनी १९४८ साली संविधान सभेत स्पष्ट केलं होतं. आपण तर फी घेणारे.

शिक्षकांच्या सूचनाही बदलल्या. ‘चेहरा लाल झाला की थांबा’ ही जुनी खूण गडद त्वचेवर दिसतच नाही, आणि नागपूरच्या मे महिन्यात ती न दिसणं महागात पडतं. रक्तातला ऑक्सिजन मोजणाऱ्या ऑक्सिमीटरचंही तेच: २०२० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, यंत्राच्या नजरेतून निसटलेली ऑक्सिजनची कमतरता कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्या रुग्णांच्या जवळजवळ तिप्पट आढळली. म्हणून चक्कर, बोलताना लागणारी धाप, ओठ-हिरड्यांचा बदललेला रंग यांतलं काहीही दिसलं, तर यंत्रावर ९७ टक्के असले तरी सराव थांबतो.