निंगेलचं पाणी आणि माझी सलाईन

आमच्या आजोबांचं आयुष्य उरणच्या मिठागरात गेलं. मीठ धरायच्या आधी खाचरातलं पाणी गुलाबी व्हायचं, तेव्हा ते म्हणायचे, "पाणी पिकलं." तो रंग खूप खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा, हे मला एमएस्सीला कळलं.

गेल्या वर्षी लॅबमधली माझी मणिपुरी मैत्रीण सुट्टीहून परतताना दोन बाटल्या भरून पाणी घेऊन आली. थौबल जिल्ह्यातल्या निंगेलच्या खाऱ्या झऱ्याचं. समुद्र शेकडो किलोमीटर लांब, आणि डोंगराच्या पायथ्याशी जमिनीतून खारं पाणी! पोकळ खोडं उभी पुरून केलेल्या विहिरींतून बायका ते उपसतात, आटवतात आणि मिठाच्या गोल चकत्या थापतात. एक चकती तिने मलाही दिली. ती अजून फोडलेली नाही.

त्या पाण्यातले मीठप्रेमी सूक्ष्मजीव लॅबमध्ये वाढवायचे मी ठरवलं. पहिल्या खेपेला प्लेटवर काहीच उगवलं नाही. तीन आठवडे रोज उघडून बघत होते. चूक माझीच. हात सवयीने ०.८५ टक्के सलाईनच्या बाटलीकडे गेला होता आणि नमुना मी त्यातच पातळ केला होता. आपल्या पेशींना ती सलाईन मानवते, पण या मंडळींना ते गोडं पाणीच. पाणी आत शिरतं, पेशी टम्म फुगते आणि फुटते. मी त्यांना वाढवायच्या आधीच मारत होते.

दुसऱ्या खेपेला पातळ करायच्या पाण्यातही मीठ घातलं. प्लेटा सुकू नयेत म्हणून प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधल्या. तरी कडेला मिठाचे खडे धरलेच, आणि त्यातल्या एकाला मी कॉलनी (एका जागी वाढलेला सूक्ष्मजीवांचा ठिपका) समजून मोठ्या आनंदाने गोल केला. (मैत्रीण अजून चिडवते.)

अठराव्या दिवशी खऱ्या कॉलन्या दिसल्या. गुलाबी होत्या त्यांच्यावर माझा जीव, आजोबांमुळे. पण त्या आर्किया (बॅक्टेरियांहून वेगळ्या गटातले सूक्ष्मजीव) निघाल्या, आधीच नोंदवलेल्या. शेजारी एक मळकट पांढरी होती, टाकूनच देणार होते. तिच्या १६एस जनुकाचं (यावरून सूक्ष्मजीवाची ओळख पटवतात) सर्वांत जवळच्या ज्ञात प्रजातीशी साम्य आलं ९७.२ टक्के. ९८.७ च्या खाली गेलं की कान टवकारायचे, प्रजाती नवी असू शकते. मॅडम म्हणाल्या, "हा नुसता संशय. जीनोम कर, म्हणजे सगळा डीएनए वाच."

त्याच ज्ञात प्रजातीशी जीनोमची सरासरी जुळणी ८६ टक्के आली. एकाच प्रजातीचे असते तर ९५ च्या पुढे हवी होती. त्या संध्याकाळी मी मैत्रिणीला कॅन्टीनमध्ये दोनदा चहा पाजला.

आता नवी प्रजाती म्हणून नोंदवायचा कंटाळवाणा भाग: पेशीतली फॅटी ॲसिडं तपासणं, किती मिठात जगतो त्याच्या नळ्या, दोन वेगवेगळ्या देशांच्या सूक्ष्मजीव-संग्रहांत जिवंत नमुना ठेवणं, आणि लिंगवचन सांभाळून लॅटिन नाव.

बाबांनी फोनवर विचारलं, "मग नाव काय ठेवलंस?"

"सध्या एनजी-१४."

"अगं, बारसं तरी नीट कर."