किटलीची सावली

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी 'दोन शब्द' मागणारं पत्र आलं आणि डोळ्यांपुढे आधी उभी राहिली ती शाळेची गच्ची. शाळेत सर पुष्कळ होते, पण आमच्या तुकडीत नुसतं 'सर' म्हटलं की भूगोलाचेच. बाकीच्या गुरुजनांनी राग मानू नये.

नोव्हेंबर १९९८. मी नववीत. सिंह राशीतून उल्कांचा वर्षाव होणार, १७ तारखेच्या मध्यरात्रीनंतर बघा, असं पेपरांत रोज छापून येत होतं. सरांनी आम्हा नऊ जणांना आदल्याच रात्री बोलावलं. म्हणे रंगीत तालीम! सतरंज्या, कानटोप्या, बॅटरीच्या काचेवर लाल जिलेटीन कागद. अमावास्या दोन दिवसांवर, त्यामुळे काळोख मिट्ट. मघा नक्षत्र वर आलं तसा सरांनी प्रत्येकाला आकाशाचा एकेक तुकडा वाटून दिला. माझ्या वाट्याला चहा.

पहाटे चार चाळीसला मी जिन्याच्या खोलीशी उकिडवा बसून कप भरत होतो. एकदम चुन्याच्या भिंतीवर हिरवट उजेड पडला. किटलीची सावली उमटली, अगदी नळीसकट, डावीकडून उजवीकडे सरकली आणि गेली. वर बघेपर्यंत खेळ खलास. "आईशप्पथ!" म्हणून आठ जण एकदम ओरडले. सरांचा आवाज मात्र नेहमीचा: "ओरडू नका, घड्याळ बघा." आकाशात धुरासारखी एक उजळ रेघ राहिली होती. वरच्या वाऱ्याने ती हळूहळू वाकडी होत पुसट झाली. सात मिनिटं. आवाज कसलाच नाही.

मला रडू फुटायच्या बेतात होतं. सरांनी विचारलं, "तू काय पाहिलंस?"

"काही नाही सर. किटलीची सावली."

सर क्षणभर गप्प. मग वहीच माझ्या हातात दिली. "लिही. यांनी सगळ्यांनी 'शुक्रापेक्षा तेजस्वी' लिहिलंय. सावली पडण्याइतकी होती, हे तुझ्यामुळे कळलं."

दुसऱ्या रात्री अख्खा गाव गच्चीवर. उल्का पडल्या, पण बारीकसारीक. लोक जांभया देत, सरांच्या नावाने कुरकुरत घरी गेले. टेंपल-टटल धूमकेतूने १३३३ साली मागे टाकलेल्या जाड कणांच्या पट्ट्यात पृथ्वी आदल्याच दिवशी शिरली होती, हे संशोधकांनी पुढच्या वर्षी दाखवलं. माझ्या वाचनात ते फार उशिरा आलं. सरांना सांगायचं राहून गेलं, आता ते नाहीत.

मी सध्या चाकणला एका कारखान्यात तपासणी विभाग सांभाळतो. हाताखाली बावीस माणसं. नवा पोरगा "काही दिसलं नाही साहेब" म्हणाला की मी त्याला वही देतो. घरी म्हणतात, हे सरांचं खूळ.

मागच्या दिवाळीत गच्चीवर जाऊन आलो. पत्र्याची शेड झाली आहे, समोर चौकात हायमास्ट. मघा शोधायलाच पाच मिनिटं लागली. धूमकेतू २०३१ मध्ये परत येतोय, तोवर दिव्यांचं काही बघता आलं तर बघा.

आणि एक विनंती. भूगोलाच्या कपाटात निळ्या पुठ्ठ्याची ती वही अजून असेल, तर १७ नोव्हेंबरच्या पानाची झेरॉक्स मला पाठवावी. टपालखर्च मी देईन.