आणंद: हिवाळ्यातल्या जादा दुधावर वाढलेला संघ

मुंबईहून अहमदाबादकडे जाणाऱ्या बऱ्याच गाड्या आणंदला थांबतात. स्टेशनवर उतरलेले पाहुणे सहसा थेट अमूल डेअरी, म्हणजे खेडा जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघाचा कारखाना, बघायला निघतात. आमचा सल्ला उलटा आहे. आधी जवळच्या एखाद्या गावची दूध मंडळी (सभासदांचे दूध गोळा करणारी सहकारी संस्था) पाहा, तीही सकाळी लवकर किंवा दिवेलागणीला, दूध घालायच्या वेळी. दुपारी गेलात तर कुलूप बघून परत याल. सचिवांना (गावात त्यांना ‘मंत्री’ म्हणतात) आदल्या दिवशी विचारून ठेवलेले बरे, कारण ऐन रांगेत त्यांना मान वर करायला वेळ नसतो.

टेबलावर तीन गोष्टी असतात: काटा, दूध तपासायचे यंत्र आणि पावती छापणारा प्रिंटर. सभासदाचा क्रमांक पडला, दूध मोजले, नमुना घेतला, की वजन, फॅट, दर आणि रक्कम छापून हातात येते. सगळे मिळून अर्ध्या मिनिटाचे काम, पण संघाची पत याच अर्ध्या मिनिटावर आहे. हिशेब करून बघा. ६.० फॅटचे १० किलो म्हशीचे दूध म्हणजे ६०० ग्रॅम फॅट. किलो फॅटला समजा ८०० रुपये दर धरला, तर ४८० रुपये. यंत्राने ५.८ दाखवले की १६ रुपये गेले. दोन्ही वेळचे धरून महिन्याला ९६०.

आता ही चूक होते कुठे? बहुतेकदा नमुना घेताना. दूध थोडा वेळ स्थिर राहिले की साय वर येते. न ढवळता वरून नमुना घेतला तर फॅट जास्त लागते, तळातून घेतला तर कमी. यंत्रात हवेचे बुडबुडे गेले, नळी नीट धुतली नाही किंवा गाईच्या सेटिंगवर म्हशीचे दूध तपासले, तरी आकडा बिघडतो. म्हणून वाद झाला की जुनी गर्बर पद्धत अजूनही कामी येते. ब्युटिरोमीटरमध्ये (फॅट मोजायच्या खुणांच्या काचेच्या बाटलीत) आधी १० मिली सल्फ्युरिक ॲसिड, मग कडेने हळूहळू १०.७५ मिली दूध, शेवटी १ मिली अमाईल अल्कोहोल. बूच घट्ट बसवून हलवायचे, सेंट्रिफ्यूजमध्ये चारपाच मिनिटे फिरवायचे आणि ६५ अंशांच्या पाण्यात ठेवून वाचायचे. फॅटच्या थराखाली काळे कण दिसले तर ॲसिड तीव्र होते, पांढरट गुठळ्या दिसल्या तर सौम्य. अशी बाटली वाचायची नाही, चाचणी पुन्हा करायची.

शेजारच्या खोलीत बल्क कूलर असतो. धारेच्या वेळी ३५-३७ अंशांचे असलेले दूध तिथे ४ अंशांवर आणतात. खरी अडचण येते ती सकाळी: रात्रभर थंड केलेल्या दुधात सकाळचे कोमट दूध ओतले की तापमान वर जाते. कूलर लहान पडला किंवा वीज गेली आणि जनरेटर लागलीच सुरू झाला नाही, तर दोन्ही वेळचे दूध एकदम बिघडते.

मग आणंद शहरात डेअरीकडे या. स्वातंत्र्याआधी आणंद ज्या खेडा जिल्ह्यात होते तो मुंबई प्रांतात होता आणि इथले दूध पोल्सन या खासगी कंपनीमार्फत मुंबईला जाई. जानेवारी १९४६मध्ये समरखा गावच्या सभेनंतर, आपला स्वतःचा संघ हवा म्हणून, शेतकऱ्यांनी पंधरा दिवस दूध घातले नाही. १४ डिसेंबर १९४६ रोजी संघाची नोंदणी झाली, अध्यक्ष त्रिभुवनदास पटेल. १९४८मध्ये संघाचे दूध मुंबईला जायला लागले तेव्हा दोनच गावच्या मंडळ्या होत्या आणि दूध दिवसाला सुमारे २५० लिटर.

सगळे श्रेय अमूलच्या जाहिरातीतल्या मुलीला देऊन मोकळे होतात, आम्ही ते ड्रायरला, म्हणजे दुधाची भुकटी करणाऱ्या यंत्राला, देऊ. म्हशी पावसाळ्यानंतर आणि हिवाळ्यात जास्त वितात, त्यामुळे थंडीत दूध उन्हाळ्याच्या दुपटीकडे जाते. मुंबईचा खप मात्र तेवढाच. जादा दूध परत आले तर सभासद व्यापाऱ्याकडे जाणार आणि पुन्हा येणार नाही. म्हशीच्या दुधात केसीन आणि कॅल्शियम जास्त असल्याने ते आटवताना लवकर दाटते, त्याची भुकटी होणार नाही असे परदेशी तज्ज्ञांचे मत होते. १९४९मध्ये आलेले अभियंते वर्गीज कुरियन आणि त्यांचे सहकारी एच. एम. दलाया यांनी ती करून दाखवली. युनिसेफ आणि न्यूझीलंडच्या मदतीने उभ्या राहिलेल्या कारखान्याचे उद्‌घाटन नेहरूंनी ३१ ऑक्टोबर १९५५ रोजी केले. साय काढलेल्या १०० किलो दुधाची साधारण ९ किलो भुकटी होते, ती महिनोन्‌महिने टिकते, आणि उन्हाळ्यात भुकटी व लोण्यापासून पुन्हा दूध करता येते. संघाला आता ‘आज दूध नको’ म्हणावे लागेना.

पुढची वाढ याच पायावर. कंजरीचा पशुखाद्य कारखाना १९६४चा, त्याच्या उद्‌घाटनाला आलेले पंतप्रधान शास्त्रीजी आदल्या रात्री अजरपुरा गावी मुक्कामाला होते. दुसऱ्याच वर्षी आणंदला राष्ट्रीय दुग्ध विकास मंडळ आले. १९७३मध्ये जिल्हा संघांनी विक्रीसाठी राज्य महासंघ काढला, एकमेकांच्या दुकानात भाव पाडायला नकोत म्हणून.

गावातल्या सभासदाला विचारलेत तर तो महासंघाबद्दल फारसे बोलणार नाही, ‘भावफेर’बद्दल बोलेल. वर्षअखेरीस उरलेली रक्कम त्याने वर्षभर घातलेल्या दुधाच्या प्रमाणात वाटतात. मतदान मात्र दुधाच्या प्रमाणात नसते. एक म्हैस असो वा वीस, मत एकच.